कुलूप लागलेलं घर कोणाच्या निर्णयाचं?

पोफळीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये घरोघरी सर्वेक्षण करायचं म्हटलं की पहिली अडचण कुलपाची. यादीतलं घर बंद. माणसं मुंबईला, आता गणपतीला नाहीतर शिमग्यालाच येतील. अशा दारात प्रश्नावली घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं काय करायचं? शेजारचं उघडं घर घ्यायचं, परत यायचं, की ‘बंद’ लिहून पुढे जायचं?

माझ्या पहिल्या फेरीत मी हे ठरवलंच नव्हतं. दोघांना याद्या दिल्या, प्रश्नावली समजावली आणि वर एक वाक्य टाकलं: काही अडलं तर फोन करा. पहिले दोन दिवस इतके फोन आले की वैतागून मी म्हणाले, अरे तुम्हीच बघा ना काय ते! तिसऱ्या दिवसापासून फोन बंद. मला फार बरं वाटलं. फॉर्म हातात आले तेव्हा कळलं की बंद घरांच्या जागी सरळ शेजारची उघडी घरं भरलीत. माझे प्रश्न होते मुंबईहून घरी येणाऱ्या पैशांबद्दल, आणि ज्यांच्या घरातलं झाडून सगळं माणूस मुंबईत आहे, नेमकी तीच घरं नमुन्यातून गळाली. त्या दोघांची यात काही चूक नव्हती. त्यांना वाटलं आकडा पूर्ण करायचा आहे, तो त्यांनी चोख केला.

व्यवस्थापन हा माझा विषय नाही. पण या प्रकारानंतर मी डेलिगेशनवरचं संशोधन वाचायला घेतलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पुढे दोन-चार माणसांची टीम सांभाळावी लागेलच, आणि हे कोणत्याही मेथडॉलॉजीच्या पेपरात विचारत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

सुरुवात कॅरी लिआना यांच्या 1986 च्या पेपरपासून करा. ‘अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल’मध्ये आलाय. विम्याचे दावे तपासणारे कर्मचारी आणि त्यांचे सुपरवायझर यांच्यावरचा अभ्यास आहे. त्यात एक फरक नीट धरून ठेवलाय, जो आपण बोलताना सर्रास पुसून टाकतो. हाताखालच्या माणसाचं मत विचारायचं आणि शेवटी ठरवायचं आपणच, याला सहभाग म्हणायचं. निर्णयच त्याच्याकडे द्यायचा, हे डेलिगेशन. म्हणजे ‘हे काम तू कर’ एवढं सांगणं हे दोन्हींत बसत नाही, ती नुसती कामाची वाटणी झाली. सुपरवायझर निर्णय कधी सोपवतात, तर समोरचा माणूस त्यांना किती लायक वाटतो, निर्णय किती महत्त्वाचा आहे आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कामाचा बोजा किती आहे, या तिन्हींचा संबंध लिआनांना सापडला. वाचताना मला जरा लाजच वाटली. माझ्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टींचा विचारही नव्हता. तिसरीनंच सगळं ठरवलं.

नीट सोपवलेला निर्णय कसा दिसतो, हे बघायला मात्र पेपरची गरज नाही. पोफळीच्या डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचं भूमिगत वीजगृह आहे. 8 यंत्रं, मिळून 600 मेगावॉट. घाटावरच्या शिवसागरातलं पाणी बोगद्यातून येतं आणि खाली पेल्टन चाकांवर आदळतं. आता विचार करा, यातलं कोण काय ठरवतं? वर्षाला किती पाणी पश्चिमेकडे वळवायचं, हे पोफळीत ठरत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादानं त्याला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. आज कोणत्या वेळेला किती वीज हवी, हे राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर सांगतं, ज्याला बोलताना सगळे ‘कळवा’ म्हणतात. 2003 च्या वीज कायद्यानुसार त्याच्या सूचना पाळणं बंधनकारक आहे.

पण ग्रिडची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून हलली, तर यंत्राचा गव्हर्नर कळव्याला फोन लावत नाही. तो स्वतःच पाण्याची धार कमी-जास्त करतो. यंत्रात बिघाड झाला तर रिले ते तिथल्या तिथे बंद करतो आणि कळव्याला नंतर कळतं. याचं कारण साधं आहे. काही सेकंदांत घ्यायच्या निर्णयाची माहिती फक्त यंत्रापाशी असते आणि ती वर पोचून उत्तर येईपर्यंत उशीर झालेला असतो. उलट, अख्ख्या राज्यात विजेची मागणी किती आहे हे पोफळीला दिसूच शकत नाही, म्हणून ते तिथे ठरवायचंच नाही. फ्रेडरिक हायेक यांनी 1945 च्या एका प्रसिद्ध लेखात अर्थव्यवस्थेबद्दल हाच मुद्दा मांडला होता, की त्या जागेची आणि त्या क्षणाची माहिती मध्यवर्ती टेबलावर गोळा करता येत नाही. गव्हर्नर हे यंत्र आहे, माणूस नाही, हे मला मान्य. माणसाचे स्वतःचे हेतू असतात, आळस असतो, भीतीही असते. म्हणून इथून पुढे आपल्याला माणसांच्या कारखान्यात जावं लागतं.

तो कारखाना आपल्याच राज्यात आहे. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेंझी आणि जॉन रॉबर्ट्स यांनी तारापूर आणि शेजारचं गुजरातमधलं उंबरगाव इथल्या कापड कंपन्यांमध्ये एक प्रयोग केला. 17 कंपन्या, 28 प्लांट. पेपर 2013 साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही प्लांट निवडून त्यांना महिनाभर पाहणी आणि पुढे चार महिने फुकट सल्ला दिला. बाकीच्यांची फक्त पाहणी. सल्ला मिळालेल्या प्लांटची उत्पादकता पहिल्याच वर्षी 17 टक्क्यांनी वाढली. बहुतेक ठिकाणी हा पेपर एवढ्या एका आकड्यासाठी सांगितला जातो.

मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. या कंपन्या किती मोठ्या होणार हे कशावरून ठरत होतं? कारभार किती चांगला आहे, यापेक्षा मालकाच्या घरात कर्ते पुरुष किती आहेत यावरून! दोन भाऊ असतील तर दोन प्लांट बघता येतात. तिसरा उघडायचा तर परक्या मॅनेजरच्या हाती द्यावा लागतो, आणि तो माल किंवा पैसा लंपास करेल ही धास्ती. कोर्टात जाऊन लवकर न्याय मिळेल असा भरवसाही नाही. मुलींचा तर विचारच नाही, हे जाता जाता.

प्रयोगानंतर मालकांनी प्लांट मॅनेजरांकडे जास्त निर्णय सोपवले. त्यांना कोणी विश्वासावर प्रवचन दिलेलं नव्हतं. रोजचे दोष, यंत्रबंदी आणि सुताचा साठा यांची नोंद व्हायला लागली होती. मॅनेजरनं काय केलं ते नंतर दिसणार हे पक्कं झालं, म्हणून आधी विचारायला लावायची गरज कमी झाली. माझ्या पहिल्या फेरीत नेमकं हेच नव्हतं. घर बदललं हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

संशोधनाच्या दृष्टीनं अजून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे त्यांनी डेलिगेशन मोजलं कसं. मालकाला ‘तुम्ही अधिकार देता का?’ विचारलं तर उत्तर हमखास ‘हो, म्हणजे काय’. म्हणून त्यांनी निर्णय सुटे करून विचारलं: विणकर कामावर कोण घेतं, त्याचा बोनस कोण ठरवतं, सुटे भाग कोण मागवतं. ब्लूम, रफाएला सादून आणि जॉन व्हॅन रीनन यांच्या 2012 च्या पेपरात वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे 4000 कंपन्या आहेत. तिथे एक प्रश्न असा, की मुख्य कार्यालयाला न विचारता प्लांट मॅनेजर जास्तीत जास्त किती रकमेची गुंतवणूक करू शकतो? रक्कम सांगताना माणसाला मोघम बोलता येत नाही. तुमच्या प्रश्नावलीत ‘सक्षमीकरण’, ‘स्वायत्तता’ असे शब्द असतील तर ते खोडून त्या जागी असा एकेक निर्णय लिहून बघा. माझ्या गाईडनी माझे तीन प्रश्न असेच खोडले होते, तेव्हा राग आला होता.

दुसऱ्या फेरीआधी आम्ही तिघं एक दुपार बसलो आणि कागदाचे तीन भाग केले. तू ठरव. तू ठरव, पण संध्याकाळी सांग. थांब, आधी फोन कर. घरांचा क्रम, दुपारी कुठे थांबायचं, प्रश्न मालवणीत विचारायचा की संगमेश्वरीत, हे पहिल्या भागात. खरं तर याबाबतीत त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. बंद घराला वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, त्यातली एक रविवारी, मग ‘बंद’ असा कोड आणि शेजाऱ्यांकडून फक्त एवढंच, की घर कधीपासून बंद आहे. हे दुसऱ्या भागात. यादीबाहेरचं घर घ्यायचं असेल तर फोन, मग मी लेक्चरमध्ये असले तरी.

फोन अगदीच थांबले नाहीत. चौथ्या दिवशी एक आला. घर उघडं होतं, पण घरात फक्त एक आजी, जिला पैसे किती येतात हे ठाऊक नव्हतं. मुलगा पाठवतो आणि सून मोजते, आणि सून डेरवणला दवाखान्यात गेलेली. आमच्या कागदावर हे कुठेच नव्हतं. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मी बसते की, सून साडेपाचच्या एसटीनं येईल.