वास्तव्याच्या अटीवर नागरिकत्व नाकारले गेल्यास : पुन्हा अर्ज करण्यापूर्वी दिवसांचा हिशेब

फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेली हजारो कुटुंबे नागपूर, उल्हासनगर, इंदूर, भोपाळ, जबलपूर अशा शहरांत स्थिरावली. त्यांचे सीमेपलीकडे राहिलेले नातलग नंतरच्या काळातही भारतात येत राहिले. दीर्घकालीन व्हिसावर वर्षानुवर्षे राहिल्यानंतर ते भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करतात. यांपैकी काही अर्ज ‘वास्तव्याची अट पूर्ण होत नाही’ या एका कारणाने नामंजूर होतात. अशा नकारानंतर आपला मार्ग कायमचा बंद झाला, अशी अनेकांची समजूत होते. ती बरोबर नाही. या कारणाने अर्ज फेटाळला गेल्यास पुन्हा अर्ज करण्यावर नागरिकत्व कायद्यात बंदी नाही. मात्र दुसरा अर्ज कोणत्या तारखेला करावा, याचे उत्तर दिवसांच्या काटेकोर हिशेबातच मिळते.

सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत

वास्तव्याची अट संविधानाइतकीच जुनी आहे. १९ जुलै १९४८ नंतर पाकिस्तानातून आलेल्या व्यक्तीने नोंदणीसाठी अर्ज करावा आणि अर्जापूर्वी तिचे भारतात किमान सहा महिने वास्तव्य असावे, अशी तरतूद संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानेही भारतीय वंशाच्या व्यक्तींसाठी सहा महिन्यांचीच मुदत ठेवली. १९८६ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांवर नेली आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षे झाली.

ज्यांना भारतीय वंशाच्या आधारे नोंदणी करता येत नाही, त्यांच्यासाठी देशीयकरणाचा मार्ग आहे. त्यासाठीची मुदत याहून मोठी आहे.

कायदा वर्षे कशी मोजतो?

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. ‘सात वर्षे’ म्हणजे भारतात आल्याच्या तारखेपासून सात वर्षे, असा सरळ अर्थ कायद्याला अभिप्रेत नाही. कायदा अर्जाच्या तारखेपासून मागे मोजत जातो आणि या काळाचे दोन भाग करतो.

पहिला भाग अर्जाच्या लगतपूर्वीच्या बारा महिन्यांचा. या संपूर्ण काळात अर्जदार भारतातच असला पाहिजे. दुसरा भाग त्याआधीच्या आठ वर्षांचा. या आठ वर्षांत एकूण किमान सहा वर्षे भारतात वास्तव्य झालेले असावे. ती सलग असण्याची गरज नाही. बारा महिने आणि सहा वर्षे मिळून ‘सात वर्षे’ होतात. भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीच्या नोंदणीलाही हाच हिशेब लागू आहे.

देशीयकरणात शेवटचे बारा महिने तसेच अखंड हवेत, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकूण किमान अकरा वर्षांचे वास्तव्य हवे. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन समुदायांसाठी अकराऐवजी पाच वर्षे केली. बारा महिन्यांची अट मात्र त्यांनाही लागू राहिली. म्हणजे बोलण्यात ‘पाच वर्षे’ असले, तरी प्रत्यक्षात हिशेब सहा वर्षांचा आहे.

अर्ज अनेकदा बारा महिन्यांच्या या पहिल्या भागात अडकतो. दूरच्या आठ वर्षांत दोन वर्षांपर्यंतची अनुपस्थिती कायदा चालवून घेतो. शेवटच्या वर्षातील काही दिवस मात्र अर्ज नामंजूर होण्यास पुरेसे ठरतात.

आईचे आजारपण आणि सेहेचाळीस दिवस

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ ५ जून २०१६ रोजी दीर्घकालीन व्हिसावर जबलपूरला आले. सात वर्षे झाली म्हणून त्यांनी १ जुलै २०२३ रोजी नोंदणीसाठी अर्ज केला. दरम्यान आईच्या आजारपणामुळे २५ नोव्हेंबर २०२२ रोजी ते सिंधला गेले, आईचे अंत्यसंस्कार आटोपून १० जानेवारी २०२३ रोजी परतले. सुमारे सेहेचाळीस दिवसांची ही अनुपस्थिती नेमकी शेवटच्या बारा महिन्यांत पडली. त्याआधीच्या आठ वर्षांतील सहा वर्षांची अट पूर्ण होत असूनही अर्ज टिकला नाही.

अशा व्यक्तीला पुन्हा सात वर्षे थांबावे लागत नाही. परतल्याच्या तारखेनंतर अखंड बारा महिने भारतात राहून, म्हणजे १५ जानेवारी २०२४ च्या सुमारास, त्यांना नवा अर्ज करता आला असता. त्या तारखेपासून मागे मोजल्यास शेवटचे वर्ष अखंड भरते. त्याआधीच्या आठ वर्षांत, सेहेचाळीस दिवस वजा केल्यावरही, सहा वर्षांहून अधिक वास्तव्य उरते. उलट, नकाराने निराश होऊन ते पुन्हा सीमेपलीकडे गेले असते, तर बारा महिन्यांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली असती.

तीस दिवसांची सवलत

२०१५ च्या दुरुस्तीने या कडक अटीत थोडी फट ठेवली. विशेष परिस्थिती असल्याची खात्री पटल्यास केंद्र सरकार बारा महिन्यांच्या अटीत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकते. हे तीस दिवस एकाच प्रवासाचे असावेत असे नाही. दोन-तीन प्रवासांची बेरीजही चालते. मात्र ही सवलत आपोआप मिळत नाही. विशेष परिस्थिती लेखी नोंदवणे सरकारवर बंधनकारक आहे. म्हणून अर्जदाराने अनुपस्थितीचे कारण आणि मृत्यूचा दाखला, रुग्णालयाची कागदपत्रे यांसारखे पुरावे अर्जासोबतच देणे हिताचे ठरते.

दीर्घकालीन व्हिसाधारकाला पाकिस्तानात जाऊन परत यायचे असल्यास त्यासाठी परतीच्या व्हिसाची वेगळी परवानगी लागते. ती मिळाली म्हणजे तो काळ वास्तव्यात धरला जाईल, असा अनेकांचा समज असतो. परवानगीने परत येण्याचा हक्क मिळतो. बाहेर घालवलेले दिवस ‘भारतातील वास्तव्य’ होत नाहीत. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले आणि अटारीची सीमा बंद केली. दीर्घकालीन व्हिसा त्या निर्णयातून वगळले होते. तरीही ठरवलेला छोटा प्रवास हाताबाहेर लांबू शकतो, हे त्या घडामोडींनी दाखवून दिले.

नकार आल्यावर दोन मार्ग

नकाराचे पत्र हाती आल्यावर पहिला प्रश्न असा : दिवस खरोखरच कमी भरले आहेत, की मोजण्यात चूक झाली आहे?

मोजणी चुकली असेल, तर नवा अर्ज करण्याची घाई नको. निर्णय राज्यातील किंवा जिल्ह्यातील अधिकाऱ्याचा असल्यास कायद्याच्या कलम १५ नुसार केंद्र सरकारकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. निर्णय केंद्र सरकारचाच असल्यास कलम १५ अ नुसार पुनर्विलोकन मागता येते. दोन्हींसाठी मुदत तीस दिवसांची आहे. या टप्प्यावर पारपत्रावरील आगमन-निर्गमनाचे शिक्के सर्वांत उपयोगी पडतात.

दिवस खरोखरच कमी असतील, तर पुनरीक्षणाने ते वाढणार नाहीत. तेथे नवा अर्ज हाच उपाय आहे.

यात एक अडचण आहे. नोंदणी वा देशीयकरणाचा अर्ज नाकारताना कारणे देण्याचे बंधन कलम १४ अधिकाऱ्यावर घालत नाही. माहितीचा अधिकार कायदा केवळ नागरिकांना लागू असल्याने, नागरिकत्व मागणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या नावाने त्याखाली माहितीही मागता येत नाही. उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली दाद मागण्याचा मार्ग उरतो. जबलपूरच्या रहिवाशांसाठी हे न्यायालय त्यांच्याच शहरात आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आहे.

केवळ राहणे पुरेसे नाही

वास्तव्य म्हणजे निव्वळ दिवसांची बेरीज नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये लुई द रेट यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. बेल्जियमचे हे धर्मोपदेशक १९३७ पासून भारतात राहत होते आणि संविधान लागू झाले तेव्हाच आपण भारताचे नागरिक झालो, असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. दीर्घ वास्तव्याबरोबरच येथे कायमचे स्थायिक होण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि परदेशी नागरिक म्हणून वेळोवेळी राहण्याची परवानगी घेत राहणे त्या हेतूशी जुळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

तो निकाल संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाविषयी होता. आजच्या अर्जदारासाठी त्यातील बोध व्यवहारी आहे. घरभाड्याचा करार, मुलांच्या शाळेचे दाखले, वीजबिले, बँक खाते आणि निवास परवान्याचे वेळेवर केलेले नूतनीकरण या कागदांतून वास्तव्य आणि हेतू दोन्ही दिसतात. परवान्याची मुदत संपूनही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने अवैध स्थलांतरित ठरू शकते आणि अवैध स्थलांतरिताला नोंदणी व देशीयकरण ही दोन्ही दारे बंद असतात. २०१९ च्या दुरुस्तीने वर उल्लेखिलेल्या सहा समुदायांतील, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या व्यक्तींना यातून वगळले.

जबलपूरहून अर्ज कोठे जातो?

सर्वसाधारण अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे व तेथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने या सहा समुदायांच्या अर्जांवर निर्णयाचे अधिकार सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे आणि मध्य प्रदेशातील भोपाळ व इंदूर होते. जबलपूर त्या यादीत नव्हते. त्यामुळे नागपुरातील अर्जदाराचा निर्णय त्याच्याच शहरात होऊ शकत असे, तर जबलपूरच्या अर्जदाराची फाइल भोपाळला राज्याच्या गृह सचिवांकडे जात असे.

११ मार्च २०२४ रोजी २०१९ च्या दुरुस्तीचे नियम अधिसूचित झाले आणि त्या दुरुस्तीत बसणाऱ्यांसाठी वेगळी रचना आली. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती मूळ कागद तपासते व निष्ठेची शपथ देते. अंतिम निर्णय राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समिती घेते. संधी देऊनही अर्जदार समितीपुढे हजर न राहिल्यास अर्ज नाकारण्याच्या विचारार्थ पुढे पाठवला जातो. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे ज्ञानही अपेक्षित आहे. सिंधी भाषा १९६७ पासून या अनुसूचीत असल्याने सिंधी भाषकांना ही अट जड जात नाही.

पूर्वी वास्तव्याच्या कारणाने नकार मिळालेली व्यक्ती या नव्या तरतुदीत बसत असेल, तर तिला वास्तव्याहून प्रवेशाच्या तारखेच्या पुराव्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्याची पाच अधिक एक वर्षे आता सहज भरतात. कसोटी त्या तारखेची असते.

आटत जाणारा मार्ग

२०१५ वा त्यानंतर आलेल्यांना मात्र जुनेच नियम लागू आहेत. त्यांच्यासाठी ‘भारतीय वंश’ या शब्दांची व्याख्या निर्णायक ठरते. अर्जदार स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मलेला असेल, तरच सात वर्षांचा मार्ग खुला होतो. ज्यांचे आईवडील दोघेही १९४७ नंतर पाकिस्तानात जन्मले, त्यांना अन्य आधार नसल्यास देशीयकरणाकडे, म्हणजे एकूण बारा वर्षांच्या हिशेबाकडे वळावे लागते. नव्या पिढीतील अनेकांचा अर्ज येथेच अडतो. म्हणून दुसऱ्या अर्जापूर्वी आई किंवा वडिलांच्या जन्माचा पुरावा शोधणे हे दिवस मोजण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

इतर देशांत काय?

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही असाच हिशेब करावा लागतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण अर्जदाराला पाच वर्षांत ४५० आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांपर्यंत बाहेर राहता येते. अमेरिकेत पाच वर्षांच्या सलग निवासाची अट आहे. एक वर्ष वा अधिक काळ बाहेर राहिल्याने ती मोडल्यास परतल्यानंतर चार वर्षे आणि एक दिवसाने नव्याने अर्ज करता येतो. शेवटच्या वर्षाबाबत भारताचा नियम या दोन्हींहून कडक, पण नकारानंतरची प्रतीक्षा अमेरिकेपेक्षा कमी आहे.

परतू इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांनीही याची नोंद घ्यावी. पाच वर्षे ओसीआय कार्ड असलेल्या व्यक्तीला नोंदणीपूर्वी बारा महिने भारतात राहावे लागते. नातवंडांना भेटण्यासाठी त्या वर्षात केलेली परदेशवारी तीस दिवसांच्या वर गेली, तर त्यांचाही अर्ज अडू शकतो.

मतदानाचा हक्क, भारतीय पारपत्र, बहुतेक सरकारी नोकऱ्या हे सारे नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. म्हणून नकारानंतर करावयाची पहिली गोष्ट म्हणजे पारपत्र उघडून भारतात परतल्याचा शेवटचा शिक्का पाहणे. त्या तारखेपुढे एक वर्ष मोजावे, मागील आठ किंवा चौदा वर्षांचा हिशेब मांडावा, आणि दोन्ही जुळतील त्या दिवसानंतरच दुसरा अर्ज दाखल करावा.