थंड हवेतलं ऊन आणि डोळ्यातलं भिंग

महाबळेश्वरचं ऊन लागत नाही, असं सगळेच म्हणतात. जानेवारीत भिलारच्या रानात स्ट्रॉबेरीची तोडणी चालते, तेव्हा सकाळी उशिरापर्यंत अंगावर स्वेटर असतो. बायका वाफ्यावर वाकून एकेक फळ देठासकट खुडत असतात. पण अंगाला जाणवते ती उन्हाची ऊब. अतिनील किरण जाणवत नाहीत. दर हजार मीटर उंचीला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते, आणि महाबळेश्वर १,३०० मीटरच्याही वर आहे. शिवाय वाफ्यांवर चंदेरी मल्चिंग असेल, तर त्यावरून परतलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो.

हे किरण त्वचेच्या पेशीत शिरले, की डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. पेशी तेवढा तुकडा कापून काढते आणि नवा भरते. ही दुरुस्ती उलगडून दाखवणाऱ्या अझीझ संजार यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्वचेला सावरायला वाव असतो, तो असा.

डोळ्याच्या भिंगाला तो नाही. भिंग पारदर्शक राहावं म्हणून त्याचे तंतू स्वतःचं केंद्रकच टाकून देतात. केंद्रक नाही, म्हणजे नवं प्रथिन नाही. गाभ्यातली क्रिस्टलिन प्रथिनं तर आपण आईच्या पोटात असतानाच बनलेली असतात. सत्तरीच्या आजीच्या भिंगात तीच असतात. अतिनील किरण, रक्तातली वाढलेली साखर, बिडीचा आणि चुलीचा धूर, सगळ्यांचे घाव ती आयुष्यभर सोसतात. अल्फा क्रिस्टलिन हे प्रथिन बिघडलेल्या सोबत्यांना धरून ठेवतं, त्यांच्या गुठळ्या होऊ देत नाही. पण त्याचाही साठा वयानुसार संपत जातो. मग अंड्यातला पारदर्शक भाग शिजून पांढरा व्हावा, तसं भिंग गढुळतं. हाच मोतीबिंदू. म्हातारपण रेणूंच्या पातळीवर कसं साचत जातं, ते इतकं उघड शरीरात क्वचितच कुठे दिसत असेल.

मोतीबिंदू विरघळवणारे खात्रीचे थेंब अजून निघालेले नाहीत; उपाय शस्त्रक्रियेचाच. म्हणून बागायतदारांना कळकळीची विनंती: तोडणीच्या मजुरांना रुंद काठाची टोपी द्याच, आणि तिच्यासोबत अतिनील किरण अडवणारा चष्माही द्या. खालून येणारा उजेड टोपी अडवत नाही.