कयाक : घडीची की अखंड?

आपल्या व्यवसायातील बहुतेकांचा दिवस खुर्ची, तपासणीचे टेबल आणि मोटार यांतच सरतो. इतरांना रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणारा हात पन्नाशीनंतर स्वतःच्या औषधांच्या डबीकडेही वळू लागतो. मांडवी-जुवारीच्या काठी राहणाऱ्या आपण डॉक्टर मंडळींनी अशा वेळी वल्हवण्याचा छंद जवळ करावा, असे मला मनापासून वाटते. गुडघ्यांवर भार न पडता खांदे, पाठ आणि पोट यांना त्याने उत्तम व्यायाम मिळतो. मात्र नौका घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो हा : हवा काढून वा घडी घालून घरी नेता येणारी कयाक घ्यावी, की अखंड बांध्याची?

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील शिकाऱ्यांची नौका. वाहून आलेले लाकूड व हाडे यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले सीलचे कातडे, अशी तिची रचना. हेच तत्त्व घेऊन १९०५ साली म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख या विद्यार्थ्याने घडीची कयाक तयार केली आणि १९०७ साली रोझेनहाइमच्या योहान क्लेपर यांनी तिचे हक्क विकत घेतले. घडीची म्हणजे तकलादू, असा समज असणाऱ्यांनी आपल्याच एका व्यवसायबंधूचे स्मरण करावे. हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरांनी १९५६ साली शिडाची जोड दिलेल्या क्लेपर कयाकमधून एकट्याने ७२ दिवसांत अटलांटिक महासागर पार केला. हे धाडस अनुकरणीय नव्हे. पण घडीच्या सांगाड्याची ताकद त्यातून सिद्ध होते.

अखंड कयाक बहुधा पॉलिएथिलीनची किंवा फायबरग्लासची असते. तिचा तळ आकार बदलत नाही, त्यामुळे ती सरळ जाते आणि प्रत्येक वल्ह्यागणिक अधिक अंतर कापते. आपल्या खाड्यांतील खडकांवर आणि खारफुटीच्या मुळांवर कालवांच्या धारदार कडा असतात. त्यांवर घासली गेली तरी पॉलिएथिलीनच्या नौकेवर बहुधा चरेच उमटतात. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवली की काम झाले. परंतु साधारण बारा फुटी प्लॅस्टिक कयाकचे वजन वीस ते सत्तावीस किलो भरते. मोटारीच्या टपावर ती चढवण्यास दोन माणसे लागतात, आणि ती ठेवण्यास अंगण वा पडवी हवी. सदनिकेच्या जिन्यातून ती वर नेणे कठीणच.

हवेच्या कयाकचे वजन पुष्कळदा दहा ते सतरा किलोंच्या दरम्यान असते. पिशवीत भरून ती मोटारीच्या डिकीत मावते आणि पंधरा-वीस मिनिटांत पाण्यात उतरते. रुंद असल्याने नवशिक्याला ती स्थिर वाटते. हवेचे कप्पे स्वतंत्र असल्याने एकाला छिद्र पडले तरी उरलेले तिला तरंगती ठेवतात. उणिवाही आहेत. हलकी आणि पाण्यावर उंच असल्याने वारा तिला सहज ढकलतो. भर उन्हात काठावर ठेवल्यास आतील हवा प्रसरण पावते, म्हणून थोडी हवा सोडावी लागते. शिवाय पूर्ण वाळवल्याविना घडी घातली तर आपल्या दमट हवेत बुरशी ठरलेली. दोन थरांच्या मधे हजारो धाग्यांची वीण असलेल्या नव्या नौकांत अधिक दाबाने हवा भरता येते. त्यांचा तळ बराच कठीण होतो, आणि किंमतही चढते.

नौका कोणतीही असो, पाण्याचे नियम तेच. आपल्या नद्यांत भरती-ओहोटीचा जोर बराच आतपर्यंत जाणवतो. म्हणून जाताना प्रवाहाच्या व वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमलेल्या हातांना परतताना साहाय्य होते. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, तेव्हा सकाळची वेळ उत्तम. हवेची कयाक असेल तर ही वेळ पाळावीच. पावसाळ्यात नौका घरीच बरी. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरींची वस्ती आहे. तेथे लहान नौका न नेणेच श्रेयस्कर.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने एक गोष्ट आग्रहाने सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांतील जवळजवळ एकचतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. मुला-नातवंडांना सोबत नेणाऱ्यांनी मुलाच्या वजनाला अनुरूप, मानेमागे आधार असलेले आणि पायांमधून पट्टा जाणारे जीवरक्षक जाकीट आधी घ्यावे, नौका मागाहून. हवेचे खेळण्यातील कडे जाकिटाची जागा घेऊ शकत नाही. मुले सोबत असतील तर वर बसायची, उघडी अखंड कयाक मी पसंत करतो. उलटली तरी तिच्यात कोणी अडकत नाही, आणि पाणी उपसत न बसता पुन्हा चढता येते.

मग निवड कशी करावी? पाण्याजवळ घर, ठेवण्यास जागा आणि नियमित जोडीदार असेल, त्याने निःसंकोच अखंड कयाक घ्यावी. सदनिकेत राहणाऱ्याने, एकट्याने जाणाऱ्याने किंवा पाठीच्या मणक्यांची कुरबुर असणाऱ्याने हवेची वा घडीची घ्यावी. मी स्वतः सदनिकेत राहतो आणि हवेची वापरतो. औषध कितीही गुणकारी असो, मूल ते गिळत नसेल तर त्याचा उपयोग काय, हे आपण रोज पालकांना सांगतो. वेगवान नौका पडवीत धूळ खात पडण्यापेक्षा थोडी संथ नौका आठवड्यातून एकदा पाण्यात उतरलेली प्रकृतीला अधिक हितकर.