जंतू सापडला, वाट सापडली नाही

आजचा विषय साथरोगशास्त्र. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानातलं, तेव्हा ताप किती दिवस राहील हे कृपा करून आम्हाला विचारू नका. पण साथरोगशास्त्राचा मूळ प्रश्न औषधाचा नाहीच, तो कारणाचा आहे. आणि 'कारण म्हणजे काय' यावर आमच्या विषयाने दोन हजार वर्षं डोकं खपवलेलं आहे. आज इथे उभं राहण्याचा आमचा अधिकार तेवढाच.

दवाखान्यातला डॉक्टर विचारतो, या माणसाला काय झालंय? साथरोगतज्ज्ञ विचारतो, यालाच का, शेजारच्याला का नाही? याच गल्लीत का, पलीकडच्या गल्लीत का नाही? आणि आत्ताच का? माणूस, जागा आणि वेळ. पहिल्या डॉक्टरला रोग्याकडे बघून भागतं. दुसऱ्याला रोग्याइतकंच निरोग्याकडे बघावं लागतं. हा फरक दिसायला साधा आहे, पण पुढचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे.

आता आपण एक भेद करून घेऊ. रोगाचा जंतू ओळखणं ही एक गोष्ट. तो एकाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने जातो हे ओळखणं ही दुसरी. आपण या दोन्हींना 'कारण कळलं' असंच म्हणतो, आणि तिथेच घोटाळा होतो. इतिहासात या भेदाची दोन ठसठशीत उदाहरणं आहेत. 1854च्या लंडनमध्ये वाट सापडली, जंतू माहीत नव्हता. 1897च्या मुंबई-पुण्यात जंतू माहीत होता, वाट सापडली नव्हती.

लंडन आधी घेऊ. त्या काळी बहुतेक जाणत्यांचं मत असं की कॉलरा दुर्गंधीने, सडक्या हवेने होतो. जॉन स्नो हा भूल देणारा डॉक्टर, वायूंचा जाणकार. त्याला हे पटेना. रोग हवेतून आला तर फुप्फुसं आधी बिघडायला हवीत, इथे तर आतडी बिघडतात. म्हणजे विष तोंडावाटे जात असणार, असा त्याचा तर्क. 1854च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलऱ्याचा भडका उडाला आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं गेली. स्नोने मृतांची घरं पाहिली. बहुतेक एका सार्वजनिक हातपंपाभोवती होती.

इथवरची गोष्ट आणि तो नकाशा पुष्कळांनी पाहिलेला असतो. पण नुसत्या नकाशाने काय सिद्ध होतं? सडक्या हवेवाला म्हणेल, त्या पंपापाशीच हवा वाईट होती. स्नोची खरी कमाई अपवादांत आहे. जवळच एक अनाथालयवजा गरीबखाना होता, 535 माणसांचा. चहूबाजूंनी मृत्यू, पण आत फक्त पाच गेले. त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर दारूभट्टी होती, सत्तरहून अधिक कामगार, त्यांतला एकही गेला नाही. ते भट्टीतली बिअर प्यायचे, आणि आवारात वेगळी विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला, जिथे कॉलऱ्याचं नाव नव्हतं, एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने गेली. चौकशी केली तर कळलं, तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ते मुद्दाम तिकडून मागवलं जाई.

ज्यांनी न्यायदर्शन थोडंफार वाचलं असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. अन्वय आणि व्यतिरेक. जिथे हे पाणी तिथे रोग, हा अन्वय. जिथे पाणी नाही तिथे रोग नाही, मग ती जागा साथीच्या मधोमध का असेना, हा व्यतिरेक. स्नोला न्यायदर्शन ठाऊक असण्याचं कारण नाही. पण विचार करायला लागल्यावर माणूस त्याच रस्त्याने जातो.

नैयायिकांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि ती आम्हाला फार आवडते. कुंभार मडकं घडवतो. माती, चाक, दांडा, कुंभार ही कारणं. पण ती माती वाहून आणणारं गाढव? तेही मडक्याच्या आधी हजर होतं की! नैयायिक म्हणतात, नाही, ते 'अन्यथासिद्ध'. आधी हजर असणं वेगळं, कारण असणं वेगळं. साथरोगशास्त्राची निम्मी मेहनत या गाढवाला बाजूला काढण्यात जाते. कॉलऱ्याच्या वस्तीत दारिद्र्य आहे, गर्दी आहे, दुर्गंधी आहे, उघडी गटारं आहेत. यांतलं चाक कोणतं आणि गाढव कोणतं?

याचं उत्तर स्नोला दक्षिण लंडनमध्ये मिळालं. तिथे दोन खासगी कंपन्या पाणी पुरवत. एकाच गल्लीत एका घराला एकीचा नळ, शेजारच्या घराला दुसरीचा. माणसं तशीच, हवा तीच, गर्दी तीच. फरक एवढाच की लँबेथ कंपनीने 1852 मध्ये आपला उपसा टेम्स नदीत वरच्या अंगाला, शहराची घाण मिसळण्याच्या आधी, हलवला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र घाणीतूनच पाणी उपसत होती. स्नो दारोदार फिरला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचे आकडे असे: साउथवर्कच्या 40,046 घरांत 1,263 मृत्यू. लँबेथच्या 26,107 घरांत 98. उरलेल्या लंडनच्या 2,56,423 घरांत 1,422.

आता जरा थांबा. नुसते मृत्यू मोजले तर सर्वांत वाईट अवस्था कुणाची? उरलेल्या लंडनची, 1,422. पण खाली घरांचा आकडा ठेवून भागाकार केला की चित्र उलटतं. दर दहा हजार घरांमागे साउथवर्ककडे 315, लँबेथकडे 37, उरलेल्या लंडनमध्ये साठाच्या आत. अंशाखाली छेद लिहिल्याशिवाय आकडा बोलत नाही. कोविडच्या काळात टीव्हीवर रोज संध्याकाळी नुसते अंश ओरडून सांगितले जात होते, आणि आम्ही मनात म्हणत होतो, बाबांनो, छेद कुठे आहे?

ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला. सांगणारे सांगतात, दांडा काढला आणि साथ थांबली. तसं नाही. साथ त्याआधीच उतरणीला लागली होती, हे खुद्द स्नोनेच लिहून ठेवलं आहे. बरेच लोक वस्ती सोडून पळाले होते आणि रोगाला बळी पडू शकणारी माणसंच तिथे कमी उरली होती. स्नो 1858 मध्ये गेला. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉखने इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात दाखवला तो 1883-84 मध्ये. म्हणजे वाट कळल्यानंतर तीस वर्षांनी.

आता आपल्याकडे या. इथे नेमकं उलटं घडलं. प्लेगचा जंतू 1894 मध्येच हाँगकाँगला सापडलेला होता. 1896च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. 1897 मध्ये साथरोग कायदा आला, आणि त्याच वर्षी पुण्यात रँडची प्लेग कमिटी. गोऱ्या शिपायांनी घरं धुंडाळली, देवघरापर्यंत गेले, रोगी इस्पितळात, घरची माणसं छावणीत, सामान जाळलं. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. हा भाग आपल्याला पाठ आहे, आणि त्या अपमानाचा राग आजही रास्तच आहे.

पण आम्हाला आज वेगळा प्रश्न विचारायचा आहे. या सगळ्या जुलमामागचं तर्कशास्त्र काय होतं? ते असं: जंतू रोग्याच्या अंगात आहे, तेव्हा रोगीच तो पसरवतो, तेव्हा रोगी हुडकून वेगळा काढा. पहिलं वाक्य खरं. दुसरं वाक्य पहिल्यातून निघत नाही. साखळी माणूस-माणूस अशी आहे हे कुणी तपासलंच नव्हतं.

तपासायला खुणा नव्हत्या असंही नाही. प्लेगच्या इस्पितळात रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना हा रोग फारसा होत नव्हता. इथे कुणी म्हणेल, सावित्रीबाई फुले तर प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच 10 मार्च 1897 ला गेल्या. खरं आहे, आणि तो त्याग मोठाच. पण एका मृत्यूवरून वाट ठरत नाही. रोग्याच्या कपड्यांतून, अंथरुणातून काय आलं, की आजूबाजूच्या घरांतून आलं, हे त्यातून कळत नाही. पुन्हा छेदच काढावा लागतो: सेवा करणारे किती, त्यांतले आजारी किती?

दुसरी खूण खेड्यातल्या माणसाला ठाऊक होती. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. आमच्या पिढीने आज्या-आजोबांकडून हे ऐकलेलं आहे. त्यांना जंतू माहीत नव्हता, पण अन्वय माहीत होता: आधी उंदीर, मग माणूस. सरकारी छावणीनेही काही जीव वाचले असतील, कारण माणूस त्या घरातून बाहेर पडत होता. पण का वाचले हे ना त्याला नेणाऱ्याला ठाऊक होतं, ना त्याला.

उंदीर आणि माणूस यांच्यामधली कडी सापडली 1898 मध्ये, कराचीत. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवा असलेला प्लेगचा उंदीर एका बरणीत ठेवला, आणि एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून आत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू मात्र जाळीतून जाईल. पहिला उंदीर मेला, काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच मेला. सरकारच्या प्लेग कमिशनने हे मानलं नाही. मग 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत रीतसर प्रयोग झाले. गिनीपिगचा पिंजरा प्लेगच्या घरात जमिनीवर ठेवला की तो मरे. पिसूची उडी पोचणार नाही इतका उंच टांगला, किंवा बारीक जाळीने झाकला, की जगे. हवा तीच, घर तेच. बघा, हा साउथवर्क आणि लँबेथचाच हिशेब आहे, फक्त घरांऐवजी पिंजरे.

पिसूचं काम कसं चालतं तेही सांगतो. प्लेगचे जंतू तिच्या पोटाच्या तोंडाशी गोळा होऊन वाट बुजवतात. रक्त आत जात नाही, म्हणून ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू उलटून टाकते. उंदीर जिवंत आणि ऊबदार आहे तोवर ती त्याच्याच अंगावर. तो मेला की तिला दुसरं ऊबदार अंग हवं. उंदीर पडल्यावर माणसं का पडत, त्याचं उत्तर हे.

आता तो 'आर' अंक, जो कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडी झाला. एक रोगी सरासरी किती नव्या माणसांना रोग देतो, तो आर. एकाच्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर विझते. सगळेच बळी पडण्यासारखे असतील तर गोवराचा हा अंक 12 ते 18 धरतात, म्हणून लसीकरण 95 टक्क्यांच्या घरात लागतं. पण हा अंक जंतूच्या कपाळावर लिहिलेला नसतो. रोगी किती दिवस जंतू सोडतो, त्या दिवसांत किती जणांशी संबंध येतो, दर संबंधाला लागण होण्याची शक्यता किती, आणि समोरच्यांपैकी बळी पडण्यासारखे किती, या चारांचा तो गुणाकार. चारांपैकी एकही शून्य झाला की गुणाकार शून्य. गाठीच्या प्लेगमध्ये माणसाकडून माणसाला आर जवळजवळ शून्यच असतो. माणूस म्हणजे बंद गल्ली. खरी साखळी उंदीर, पिसू, उंदीर अशी जमिनीखाली चाललेली. पुण्यात शिपाई जी साखळी तोडायला घरात शिरत होते, ती तिथे नव्हतीच.

लक्षणं आधी की संसर्ग आधी, हाही त्यातलाच एक प्रश्न. देवीचा रोगी लक्षणं दिसू लागल्यावरच रोग देई, म्हणून रोगी शोधून भोवतालच्यांना लस टोचण्याची युक्ती यशस्वी झाली. कोविडचा रोगी लक्षणांआधीच देतो, म्हणून विमानतळावर कपाळाला तापमापक लावून फारसं हाती लागलं नाही.

पण एकाच जंतूच्या दोन वाटा असल्या तर? 1994च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा सुळसुळाट झाला, उंदीर पडू लागले, मग माणसांना गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेत प्लेग निघाला, तो फुप्फुसाचा. या प्रकारात रोग्याच्या खोकल्यातून जंतू थेट दुसऱ्याच्या श्वासात जातो, पिसू लागत नाही. पन्नासच्या आसपास माणसं गेली. निदानाबद्दल पुढे पुष्कळ वादही झाला. लाखो लोक सुरत सोडून रेल्वेने, बसने देशभर गेले, आणि सगळे श्वास रोखून बसले. तरी दुसऱ्या कुठल्या शहरात मोठी साथ उठली नाही. कारण फुप्फुसाचा प्लेग भयंकर असला तरी त्याची लागण व्हायला जवळचा सहवास लागतो, आणि रोगी सर्वाधिक जंतू सोडतो तो अगदी शेवटी, जेव्हा त्याच्यात प्रवास करण्याचं त्राण उरलेलं नसतं. सुरतेत करायचं होतं ते एवढं की खोकणाऱ्याजवळ बसलेल्यांना हुडकून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या द्यायच्या. मामल्यात गोळ्या पुरणार नव्हत्या, तिथे बिळांपर्यंत जाणं भाग होतं. आणि तिथेही क्रम असतो: आधी पिसवा मारायच्या, उंदीर नंतर. उंदीर आधी मारले, तर त्यांच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा त्याच रात्री अंथरुणात येतात.