‘फक्त लोगोच तर हवाय’

होसूर-सर्जापूर रोडवरून ज्या वसाहतीला नाव पडलं त्या बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये सात सेक्टर आहेत. २७व्या मेनवर खाली कॅफे आणि वरच्या मजल्यांवर स्टार्टअप. इथे नवा धंदा काढणाऱ्याला सगळ्यात आधी लोगो लागतो, आणि तो सोमवारपर्यंत लागतो. मी या भागात डिझाइनची कामं करते. क्लायंट पुण्याचा असो, हुबळीचा असो की दिल्लीचा, समजुती सगळ्यांच्या सारख्याच.

‘दोन तासांचं तर काम आहे’ ही त्यातली सर्वांत चिवट. तिच्या पुष्ट्यर्थ डिझायनर पॉला शेअर यांचा दाखला दिला जातो: १९९८ मध्ये त्यांनी सिटी बँकेचा लोगो पहिल्याच बैठकीत नॅपकिनवर रेखाटला. गोष्ट खरी आहे. पण ते चिन्ह बँकेतल्या मंडळींच्या गळी उतरवायला पुढे किती खटाटोप करावा लागला, तो भाग कुणी सांगत नाही. प्रत्यक्ष रेखाटनाला खरंच फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो ब्रीफमध्ये. माल कोण घेणार, लोगो सर्वांत लहान कुठे छापला जाणार, आणि मुख्य म्हणजे शेवटचा होकार कोण देणार? हा प्रश्न विचारायचा राहिला की तिसऱ्या आठवड्यात अचानक क्लायंटचे सासरे मीटिंगला येतात.

‘आधी इंग्रजी लोगो फायनल करू, कन्नड नंतर खाली टाकू.’ हे ऐकलं की मी पेन खाली ठेवते. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानं आणि आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या भागात. म्हणजे ‘खाली टाकू’ हा पर्यायच उरत नाही. (महाराष्ट्रातही मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकांना यात नवल वाटू नये.) पण खरी अडचण कायद्याची नाही, अक्षरांची आहे. कन्नड जोडाक्षरात दुसरं व्यंजन पहिल्याच्या पायाशी लोंबतं. त्याला ओत्तक्षर म्हणतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका पट्टीत गच्च बसतात, कन्नडला मात्र ओळीच्या खाली मोकळी जागा लागते. नावात ‘प्प’ किंवा ‘क्क’ असेल तर ते लोंबणारं अक्षर खालच्या इंग्रजी ओळीवर आदळतं. मग बोर्डवाला कन्नड अक्षरं वरून दाबून चपटी करतो, आणि नाव ओळखू येईनासं होतं. दोन्ही लिप्या पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवून काढल्या, तर रेघेची जाडी, उंची, बोर्डाचं माप हे सगळं वेळेत ठरतं.

‘दहा ऑप्शन दाखवा, एक निवडतो.’ स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीसाठी १९८६ मध्ये डिझायनर पॉल रँड यांनी एक लाख डॉलर घेतले आणि एकच लोगो दिला, सोबत त्यामागचा विचार उलगडणारी पुस्तिका. एवढा तोरा मला परवडणारा नाही. मी दोन-तीन दाखवते. पण दहा ऑप्शन म्हणजे विचार दहापट नव्हे. बहुतेकदा एकाच विचाराचे दहा रंग असतात, आणि क्लायंट पहिल्याचं अक्षर, चौथ्याचा रंग नि सातव्याचं पान असं कडबोळं मागतो. रिव्हिजनचंही तसंच. किती फेऱ्या, आणि नवी कल्पना मागितली तर किती जास्तीचे पैसे, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं बरं.

काम लोगोपुढे जाऊन खाद्यपदार्थाच्या पाकिटाचं असेल, तर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका यांची जागा आधी सोडायची, मग कलाकुसर.

‘मोबाइलवर केशरी किती झळाळत होता, छापल्यावर मळका का?’ यात प्रेसवाल्याचा दोष क्वचितच असतो. पडदा स्वतः उजेड फेकतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंवर चालते. झगझगीत केशरी, पोपटी, गर्द निळा हे त्या चार शाईंत बसतच नाहीत. म्हणून रंग छपाईच्या हिशेबाने निवडायचा आणि प्रूफ कागदावर बघायचं. बारीक काळा मजकूर चारही शाईंत गेला, तर प्लेट केसभर हलली तरी अक्षराला रंगीत सावली पडते. तो नुसत्या काळ्या शाईतच द्यावा. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची छपाई, सोडावं, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ उमटते. आणि फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून पाठवावेत, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अक्षरं बदललेली निघतात.

राहिला हक्काचा प्रश्न. ‘पैसे दिले म्हणजे लोगो माझा झाला.’ १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. बाहेरून काम करणाऱ्या डिझायनरचं तसं नाही. त्याने काढलेल्या लोगोचा हक्क, वेगळं काही ठरलं नसेल तर, त्याच्याकडेच राहतो आणि तो क्लायंटला मिळायला लेखी, सहीचं हस्तांतरण लागतं. बदल करता येणारी मूळ ‘ओपन फाइल’ पेन ड्राइव्हवर घेतली म्हणून हक्क आला, असं होत नाही. त्या कागदावर मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहायचा राहिला तर फक्त भारत. पुढेमागे दुबईत शाखा काढायचा बेत असेल, तर सही करण्याआधी ही दोन कलमं नीट बघून घ्यावीत.