वाळूत चाक का रुतते?

नदीच्या पात्रात किंवा समुद्रकिनाऱ्यावर गाडी रुतली की भोवती जमलेली मंडळी ओरडतात, "जोरात रेस करा!" चालक तसे करतो. चाक जागच्या जागी गरगर फिरते, मागे वाळूचा फवारा उडतो आणि गाडी आणखी चार बोटे खाली जाते. किनाऱ्यावर तोवर भरतीचे पाणी जवळ येऊ लागलेले असते. वाळवंटात तर गाडी निघाली नाही म्हणजे जिवाशीच गाठ. मग इंजिनाची शक्ती कमी पडली असे म्हणायचे का? नाही. उलट ती नको तेथे खर्च झाली.

कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. तिची सारी ताकद कणाकणांतील घर्षणात असते. चाक वाळूला मागे ढकलते, म्हणून गाडी पुढे जाते. हे ढकलणे घर्षणाच्या मर्यादेत असेल तोवर वाळू तग धरते. मर्यादा ओलांडली की वरचा थर सरकतो आणि चाक आपलाच खड्डा खणू लागते.

म्हणून पहिला उपाय इंजिनात नसून टायरमध्ये आहे. गाडीचे वजन 2,400 किलोग्रॅम धरू. प्रत्येक चाकावर 600 किलोग्रॅम भार येईल. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 2.5 किलोग्रॅम (सुमारे 35 पौंड) असेल, तर टायर अंदाजे 240 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकेल. हवा सोडून दाब 1 किलोग्रॅमवर आणला, की तीच जागा 600 चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या रबराच्या ताठरपणामुळे आकडे थोडे बदलतील, पण तत्त्व तेच. टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढतो, त्यामुळे चाकापुढे वाळूचा ढीगही कमी साचतो.

दुसरा उपाय चारही चाकांना ओढ देण्याचा. तीच ओढ दोनांऐवजी चार चाकांत वाटली गेली, तर प्रत्येक चाकाखालच्या वाळूवर कमी ताण येतो. जुन्या जीपगाड्या व ट्रक यांत लहान गिअरपेटीचा दांडा टाकला की पुढचा व मागचा आस एकमेकांना जखडले जातात. वाळूत चाके थोडी घसरत असल्याने हे चालते. डांबरी रस्त्यावर वळताना मात्र यंत्रणेवर ताण येतो. तरीही एका आसावरचे एक चाक मोकळे फिरू लागले, तर डिफरन्शिअलमुळे त्याचा जोडीदार स्वस्थ बसतो. 'चार चाकांची ओढ आहे, आता काळजी नाही' हे म्हणूनच खरे नाही.

इतिहासही हेच सांगतो. ब्रिटिश लष्करी इंजिनिअर राल्फ बॅग्नोल्ड याने 1920 च्या दशकाच्या अखेरीपासून लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या मोटारी चालवल्या. टायर मऊ ठेवणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हाळी सरकवणे आणि रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून पाणी परत मिळवणे, या युक्त्या त्याच्या मंडळींनी रुळवल्या. 1940 मध्ये त्याने उभारलेल्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' या पथकाने ट्रकचे दरवाजे, टप व काचा काढून वजन घटवले आणि रुंद, कमी दाबाचे टायर बसवले. 1941 मध्ये पथकाला चार चाकांच्या ओढीचे फोर्ड ट्रक मिळाले. पण ते जड असल्याने जवळजवळ दुप्पट पेट्रोल पीत, त्यामुळे पथकाचा पल्लाच घटला. 1942 मध्ये पथक पुन्हा दोन चाकांच्या ओढीच्या शेवरोले ट्रककडे वळले!

चालवण्याचे नियमही यातूनच निघतात. हवा वाळूत शिरण्यापूर्वीच कमी करावी. वेग एकसारखा ठेवावा. ब्रेक दाबू नये, कारण चाकापुढे वाळू साचते. गाडी आपोआप थांबू द्यावी, तीही उताराकडे तोंड करून. चाक फिरून खणू लागताच पाय उचलावा, आपल्याच चाकोरीतून मागे यावे किंवा फावड्याने वाळू काढावी. कमी हवेवर झटकन वळू नये. टायर रिमवरून निसटू शकतो. जुन्या ट्यूबच्या टायरमध्ये रिम आतल्या आत फिरून व्हॉल्व्ह उपटण्याचाही धोका असतो. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी, नाहीतर टायर तापून फाटतो. म्हणजे फावड्याइतकाच पंपही महत्त्वाचा.

वर्गात हे सहज दाखवता येईल. घमेल्यात कोरडी वाळू भुसभुशीत भरा. तीवर एक वीट आधी उभी, मग आडवी ठेवा आणि ती किती रुतते ते पट्टीने मोजा. नंतर सायकलच्या मागच्या चाकाखाली आलेख कागद व त्यावर कार्बन कागद ठेवून कॅरिअरवर एका मुलाला बसवा. हवा भरपूर असताना व कमी असताना उमटलेल्या ठशांतील चौकोन मुलांना मोजू द्या. मग विचारा : वजन तेच, मग ठसा का वाढला? उत्तर सापडले, की गाडी रुतल्यावर ही मुले "रेस करा" म्हणणार नाहीत. आधी हवा किती आहे ते विचारतील.