शाबासकीचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

चार-पाच माणसं कामाला असलेल्या दुकानाच्या मालकाला दिवाळीआधीचे पंधरा दिवस नीट झोप लागत नाही. माल भरण्यात पैसा अडकलेला असतो, उधारी बाहेर फिरत असते आणि माणसांना काहीतरी द्यायला हवं, हेही मनात टोचत असतं. बी. ए. झाल्यावर मी काही वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो आणि संध्याकाळी मिरजेतल्या तीन-चार दुकानांच्या हिशेबवह्या लिहून देत होतो. म्हणजे कवितेच्या वहीआधी माझी गाठ खतावणीशी पडली. त्या खतावण्यांत ‘किरकोळ खर्च’ नावाचं एक खातं असे. चहा, नारळ, पेढे, कुणाला बक्षीस दिलेले पन्नास रुपये, सगळं त्यात. माणसांची कदर त्या खात्यात नोंदलेली असे, सुतळी आणि झाडूच्या शेजारी. आज बोलायचं आहे ते त्याच खात्याबद्दल. हाती पैसा बेताचा असताना आपल्याकडे राबणाऱ्याची कदर कशी करायची?

आधी शब्दांकडे पाहू, ती माझी खोडच आहे. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. ‘शाबास’ हा फारसी ‘शाद बाश’, म्हणजे ‘आनंदी राहा’. ‘कदर’ अरबी, आणि तिच्या मुळाशी माप, मोल हा अर्थ आहे. म्हणजे कदर करणं हे नुसतं गोड बोलणं नव्हे, समोरच्याचं मोल नीट मोजणं आहे. ‘बक्षीस’ मात्र सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर. आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. १९६५ साली बोनसचा कायदा आला, तेव्हा बोनस मर्जीतून निघून हक्कात गेला. किमान बोनस सुरुवातीला चार टक्के होता, पुढे सत्तरीच्या दशकात तो ८.३३ टक्के झाला. हा विचित्र आकडा म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. पण हा कायदा कारखान्यांसाठी आणि वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांसाठी होता. आपलं किराणा दुकान, शिलाईचं दुकान, पिठाची गिरणी, झेरॉक्सवाला हे सगळे त्याच्या बाहेर राहिले. तिथे अजून मर्जीच चालते.

म्हणून पहिली गोष्ट रोकठोक सांगतो. पगार वेळेवर मिळत नसेल, तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ आहे. मजुरी वेळेत देण्याची ताकीद आमच्याकडे पैगंबरांच्या वचनांत आहे. मुदतही किती, तर कष्टकऱ्याचा घाम वाळेपर्यंत. सात तारीख म्हटली की सात तारीख. मालकाकडे मागायला जाण्यात, दोनदा घसा खाकरण्यात, ‘शेठ, ते जरा...’ म्हणण्यात माणसाचा जो मान जातो, तो दिवाळीच्या मिठाईच्या डब्याने परत येत नाही. तारीख पाळायला जादा पैसा लागत नाही, फक्त गल्ल्यातून आधी कुणाचे पैसे बाजूला काढायचे, हे ठरवावं लागतं.

आता स्टुलाकडे वळू. हो, स्टूलच. केरळमध्ये कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायका दिवसाचे दहा-बारा तास उभ्या असत. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, टेकायचं नाही. कोळिकोडच्या बाजारातल्या बायका आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी एकत्र आल्या, आणि २०१८ साली केरळ सरकारने दुकानांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून त्यांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली. बसायला मिळावं म्हणून विधानसभेपर्यंत जावं लागतं! एका प्लास्टिकच्या स्टुलाला तीन-चारशे रुपये पडतात. आपल्याकडच्या कुठल्याही साडीच्या दुकानात जा आणि काउंटरमागे वाकून पाहा, बसायला काही आहे का. नसेल, तर त्या मालकाने यंदा मिठाई न देता स्टुलं घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वच्छतागृहाचंही तेच. लहान दुकानात ते बांधायला जागा नसते, हे मान्य. पण मी वह्या लिहायचो त्या गल्लीतल्या पाच दुकानदारांनी मिळून मागच्या वाड्यातलं एक न्हाणीघर दुरुस्त करून घेतलं, कडी बसवली आणि एक किल्ली प्रत्येक दुकानातल्या बाईच्या हाती दिली. त्याआधी त्या बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. उन्हाळ्यात सुद्धा. हा खर्च पाचांत वाटला गेला, माझ्या खतावणीत तो ‘दुरुस्ती’ म्हणून गेला आणि कुणी त्याचा सत्कार वगैरे केला नाही. कामाची कदर मी डोळ्यांनी पाहिली असेल, तर ती त्या किल्लीत.

मिरजेचा माणूस बोलतोय आणि तंबोऱ्याचा विषय नाही, असं कसं होईल? आमच्याकडे सतार-तंबोरे बनवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा येतो. तो कुणी कापतो, कुणी दांडी जोडतो, कुणी तबली बसवतो, कुणी नक्षी कोरतो, आणि शेवटी जवारी काढणारा घोडीवर कानस चालवत स्वर उघडा करतो. एका वाद्याला इतके हात लागतात आणि वर नाव असतं एका दुकानाचं. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराने वेगळी रीत पाडली आहे. तबली चिकटवायच्या आधी ज्यांनी ज्यांनी त्या वाद्याला हात लावला, ते आतल्या बाजूला पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख लिहितात. मग तबली बसते आणि नावं आत बंद होतात. बाहेरून काही दिसत नाही. पण कारागिराला ठाऊक असतं की पन्नास वर्षांनी हा तंबोरा दुरुस्तीला उघडला गेला, तर उघडणारा आपलं नाव वाचेल. आणि एखादे गायक-गायिका वाद्य न्यायला आले, की हा मालक जवारी काढणाऱ्याला पुढे बसवतो, आपण चहा आणायला जातो. मालकाने चहा आणणं, यातच सगळं आलं.

छापखान्यातलीही एक गोष्ट सांगतो. १८६७ च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं नाव असणं सक्तीचं केलं. खिळे जुळवणाऱ्याचं नाव मात्र त्या कायद्याला नको होतं. पुढे मराठी पुस्तकांवर ‘अक्षरजुळणी’ अशी एक ओळ येऊ लागली, पण तिथेही बहुधा एखाद्या संस्थेचं नाव असतं. १९९८ मध्ये माझा पहिला संग्रह निघाला, तेव्हा छापखान्याचे मालक म्हणाले, “कविराज, संगणकावर मजकूर हिने घातलाय, हिचंच नाव घालू या का?” मी आनंदाने हो म्हटलं. त्या मुलीने संग्रहाच्या पाच प्रती पदरचे पैसे घालून घेतल्या. कवीच्या नातेवाइकांनी तेवढ्या घेतल्या नव्हत्या! पुढच्याच महिन्यात पगारवाढ मागायला ती मालकांपुढे उभी राहिली, ती ते पुस्तक हातात घेऊन. मालक हसले आणि वाढ दिली. नाव दिलं की माणूस आपलं मोल मागायला शिकतो. ज्या मालकाला हे परवडणार नाही, त्याने कौतुकाच्या भानगडीत पडू नये.

‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ म्हणून फोटो लावण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांकडून आता आपल्या दुकानांत येऊ लागली आहे. मला ती पटत नाही. दोनशे माणसांत एकाला निवडलं, तर बाकीच्यांना फारसं लागत नाही. चार माणसांत एकाला निवडलं, तर उरलेले तीन महिनाभर त्या फोटोखाली काम करतात.

देण्याची वेळ हा मोठा प्रश्न आहे. दिवाळी सगळ्यांना आठवते, जून कुणाला आठवत नाही. जूनमध्ये वह्या, गणवेश, दप्तर, छत्री, घरावरचा प्लास्टिकचा कागद, सगळं एकदम येतं. दिवाळीत द्यायच्या तीन हजारांतले दीड हजार जूनमध्ये दिले, तर मालकाचा खर्च तेवढाच राहतो, पण घेणाऱ्याच्या घरात त्याचं वजन दुप्पट होतं. काही जण ही रक्कम उचल म्हणून देतात. उचल द्यायला हरकत नाही, पण सांभाळून. वीटभट्टीवर आणि ऊसतोडीत उचलीने माणसं कशी बांधली जातात, हे महाराष्ट्राला सांगायला नको; वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालीच झाला आहे. बिनव्याजी, लिहून ठेवलेली, दरमहा पाच-सातशेंनी फिटणारी आणि काम सोडून जायला आड न येणारी असेल, तरच ती उचल मदत ठरते. नाहीतर ती दावण.

सणांचंही थोडं बोलायला हवं. माझ्या माहितीतल्या एका हार्डवेअरवाल्याने आपल्या मुसलमान कामगाराला सरळ विचारलं, “तुझे पैसे दिवाळीला देऊ, की ईदला?” रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, म्हणून त्याने कॅलेंडर पाहून तारीख वहीत लिहून ठेवली. रोज्याच्या महिन्यात तो त्याला इफ्तारआधी अर्धा तास सोडतो. पाडव्याला आणि भाऊबीजेला दुकान तो कामगार एकटा सांभाळतो. आषाढीला तिथलाच दुसरा एक जण चार दिवस वारीत चालतो, तेव्हाही तसंच. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. सुट्टीची अदलाबदल आहे, आणि ती मालकाने एकदा विचारलं म्हणून जमली.

आता थोडा आकड्यांचा हिशेब मांडतो. बँकेत बचत खातं असलेल्या माणसाला पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० हवं. जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०. तिथे मृत्यूचं कारण काहीही असलं तरी वारसाला दोन लाख मिळतात. नव्याने सामील झाल्यावर पहिले तीस दिवस मात्र अपघाताखेरीज इतर मृत्यूला ते लागू होत नाही. दोन्ही मिळून ४५६ रुपये, पाच माणसांचे २,२८०. यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे कामगाराच्याच खात्यातून कापले जातात. म्हणून मालकाने मे महिन्यात तेवढी रक्कम त्याच्या खात्यावर टाकावी, फॉर्म भरायला सोबत जावं, वारसाचं नाव नीट लिहिलं आहे का ते पाहावं आणि पावतीची एक प्रत दुकानात ठेवावी. बायकोला सांगितलं का, हेही विचारावं. त्याच हार्डवेअरच्या दुकानातला एक हमाल २०२३ मध्ये सांगली रस्त्यावर अपघातात गेला. घरच्यांना विम्याचं काहीच माहीत नव्हतं. कागद दुकानाच्या कपाटात होते. पोलिसांची कागदपत्रं, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला जमवत मालकाने त्या बाईबरोबर बँकेच्या चार फेऱ्या मारल्या. दावा शक्यतो महिन्याच्या आत दाखल करायचा असतो, म्हणून दुकान बंद ठेवून गेला. दोन लाख तिच्या खात्यावर जमा झाले. तो माणूस त्या कपाटाकडे बोट दाखवून मला म्हणाला, “पेढे दिले असते, तर आज काय दाखवलं असतं?”

राहता राहिला कागद. लहान दुकानात वीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे त्या वीस वर्षांचा एकही पुरावा नसतो. बँकेत कर्ज मागायला गेला, की पगाराची पावती विचारतात. दुसरीकडे कामाला गेला, की अनुभव विचारतात. पगार रोख न देता खात्यावर टाकला, तर दर महिन्याची नोंद आपोआप तयार होते. आणि कुणी काम सोडून चाललं, तर रुसून न बसता दुकानाच्या लेटरहेडवर दाखला लिहून द्यावा. ‘प्रामाणिक व मेहनती’ एवढंच लिहू नका, ते सगळेच लिहितात. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, शेवटचा पगार किती होता, कोणतं काम स्वतंत्रपणे करत होता, ते लिहा: गोदामाचा हिशेब ठेवायचा, जीएसटीची बिलं करायचा, ओव्हरलॉक मशीन चालवायचा, दोन नवी पोरं तयार केली. खाली सही, शिक्का, फोन नंबर. एक प्रत आपल्याकडे ठेवा, म्हणजे दुसऱ्या गावाहून कुणी चौकशीला फोन केला, की वाचून सांगता येईल.